एका वर्षाची मुदत

१९३८च्या उन्हाळ्यात मुंबईत एक तरुण डॉक्टर पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीत गुंतला होता. परळच्या शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून वैद्यकीची पदवी त्याच्या हाती पडली होती आणि पुढची पायरी स्पष्ट दिसत होती: आणखी काही वर्षांचा अभ्यास, मोठ्या रुग्णालयातील उमेदवारी आणि मग स्वतःचा व्यवसाय. त्या काळातील कोणत्याही मध्यमवर्गीय मराठी घराला याहून अधिक काही मागावेसे वाटले नसते. त्याच वर्षाच्या १ सप्टेंबरला मात्र हा डॉक्टर पूर्वेकडे निघालेल्या बोटीवर होता. मुदत ठरली होती एका वर्षाची. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे पुढचे सारे आयुष्य त्या एका वर्षाच्या मुदतीने व्यापले, आणि ते आयुष्य अवघे सव्वाचार वर्षांचे होते.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. सोलापूर तेव्हा गिरण्यांचे गाव होते. भोंग्यावर उठायचे, भोंग्यावर झोपायचे. वडील शांताराम कोटणीस गिरणीत नोकरीला होते. भावंडांनी भरलेल्या घरात एका मुलाला मुंबईस ठेवून डॉक्टर करणे ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. वैद्यकीचे शिक्षण लांब आणि खर्चाचे. त्याची परतफेड एकट्या मुलाने नव्हे, साऱ्या कुटुंबाने गृहीत धरलेली असे. कोटणीसांनी पुढे जे केले त्याचे मोल करताना हा हिशेब नजरेआड करता येत नाही.

सोलापूरला आणखी एक ओळख होती. १९३०च्या मे महिन्यात या शहराने काही दिवस इंग्रजांचा अंमल झुगारून दिला, आणि त्याबद्दल लष्करी कायदा सोसला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. द्वारकानाथ तेव्हा नुकते विशीत आलेले होते. ज्या महाविद्यालयात ते शिकले, तेही त्याच हवेचे अपत्य. १९२६ मध्ये ते सुरू झाले तेव्हा अध्यापक भारतीयच असावेत, ही देणगीदारांची अट होती. परक्या सत्तेखाली आपले काम आपणच करून दाखवायचे, हा हट्ट त्या इमारतीच्या पायातच होता.

चीनची हाक आली ती अशा तरुणांच्या कानी. ७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर चकमक झाली आणि जपानने चीनवर उघड युद्ध लादले. डिसेंबरात नानकिंग पडले आणि तेथील कत्तलीच्या वार्ता जगभर गेल्या. चिनी फौजांकडे जखमी सैनिक असंख्य होते, शल्यचिकित्सक मात्र बोटांवर मोजण्याइतके. कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती झू दे यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्षपद सुभाषचंद्र बोस यांच्याकडे होते. त्यांनी ३० जूनला जाहीर आवाहन केले, ७ ते ९ जुलै या दिवसांत देशभर चीन निधी गोळा करण्यात आला, आणि २२,००० रुपये जमले. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने, सरकारला बाजूला ठेवून, लोकांच्या वर्गणीतून दुसऱ्या देशात वैद्यकीय पथक पाठवावे, ही घटनाच अपूर्व होती. त्या पथकामागे सरकारी खाते नव्हते आणि पगारी पदेही नव्हती.

स्वेच्छेने येणारे डॉक्टर हवेत, हे कळताच कोटणीसांनी नाव दिले. नाव देण्यापूर्वी घरचे मत विचारले. वडिलांनी विरोध केला नाही. सेवा आणि साहस दोन्ही एकत्र पदरी पडण्याची संधी वारंवार येत नाही, असा त्यांचा कौल होता. आईला दुःख झाले. मुलगा इतक्या दूर जाणार, हे तिला सोसवत नव्हते. दोघांच्याही भावना खऱ्याच होत्या. चीनबद्दल त्या घराला काही माहिती नव्हती. तिकडून माणसे रेशीम विकायला येतात, एवढाच त्या देशाचा परिचय होता. गोमंतकातील कित्येक घरांना मकावच्या निमित्ताने का होईना, त्या किनाऱ्याची ओळख होती. पोर्तुगीज अमलात तेथे नोकरीला गेलेले नातलग असत, त्यांची पत्रे येत. सोलापूरच्या घरापाशी तेवढाही धागा नव्हता.

पथक पाच जणांचे. प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल, ते नुकतेच स्पेनमधील यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने वैद्यकीय काम करून आले होते. उपप्रमुख नागपूरचे डॉ. मो. रा. चोळकर, वयाने सर्वांत ज्येष्ठ, काँग्रेसच्या चळवळीत मुरलेले. कलकत्त्याहून डॉ. बिजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी. पाचवे कोटणीस. पाचांपैकी दोघे मराठी होते, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. चोळकरांचे नाव तर नागपूरबाहेर क्वचितच निघते.

सप्टेंबरच्या मध्यास बोट चीनच्या दक्षिण किनाऱ्यास पोहोचली आणि १७ तारखेला पथक कँटनला आले. सुन यत-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी स्वागत केले. तेथून पथक हँकोला गेले. युद्ध किती जवळ आहे याची कल्पना तेथे आली. ऑक्टोबर संपण्यापूर्वीच कँटन आणि हँको ही दोन्ही शहरे जपान्यांच्या हाती गेली. पथकाला नदीच्या वरच्या अंगाने मागे सरकत चुंगकिंग गाठावे लागले. च्यांग कै-शेक यांच्या सरकारचे ठाणे आता तेथे होते. ज्या युद्धात मदत करायला आलो त्यातील पहिला अनुभव माघारीचा, हे पाचही डॉक्टरांच्या वाट्याला आले.

चुंगकिंगमध्ये त्यांची चिनी नावे ठरली. प्रत्येकाच्या नावाला हुआ हे अक्षर जोडण्यात आले. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले के दिहुआ. तिकडे आजही त्यांना याच नावाने ओळखतात.

याच मुक्कामात सोलापूरहून वार्ता आली, वडील गेले. ज्यांनी परवानगी दिली, ज्यांच्या मिळकतीवर शिक्षण झाले, ते शांतारामपंत राहिले नव्हते. परत जाण्यास याहून सबळ कारण कोणते असू शकते? पथकातील सहकाऱ्यांनीही त्यांना अडवले नसते. मुंबईत नाव नोंदवताना घेतलेला निर्णय उत्साहाचा होता, असे कोणी म्हणेल. तरुण वय, देशभर भारलेले वातावरण, वर्तमानपत्रांत छापून येणारी नावे. चुंगकिंगमधला निर्णय तसा नव्हता. तो परक्या गावात, थंडीत, शोक बाळगून घ्यावा लागला. कोटणीस थांबले. त्या निर्णयाचा भार सोलापूरच्या घरानेही उचलला, आणि त्याची नोंद चरित्रांतून फारशी होत नाही.

जानेवारी १९३९ मध्ये पथक उत्तरेकडे निघाले आणि १२ फेब्रुवारीला यानानला पोहोचले. आशियातील दुसऱ्या देशातून आलेले हे पहिलेच वैद्यकीय पथक. त्याच्या स्वागताला माओ त्से तुंग आणि झू दे यांच्यासारखे नेते होते. यानान हे गाव पिवळ्या मातीच्या डोंगरांत वसलेले. बॉम्बफेकीने वरची वस्ती उद्ध्वस्त झालेली, त्यामुळे माणसे डोंगराच्या कुशीत खणलेल्या गुहांतून राहत. रुग्णालयही गुहांतच. परळच्या शस्त्रक्रियागृहातून आलेल्या डॉक्टरला येथे तेलाच्या दिव्यावर शस्त्रक्रिया करायची होती. औषधे अपुरी, जंतुनाशके दुर्मीळ. पट्ट्या धुऊन, उकळून पुन्हा वापरायच्या. कोटणीसांनी त्याबरोबरच आणखी एक काम हाती घेतले. ते चिनी भाषा शिकू लागले. दुभाष्यावर विसंबून राहणारा डॉक्टर रुग्णाची तक्रार अर्धीच ऐकतो. कोटणीस केवळ बोलायला शिकले नाहीत, लिहायलाही शिकले. एका वर्षासाठी आलेला माणूस एवढे कष्ट सहसा घेत नाही.

ते वर्ष संपले. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच परतले. चोळकर साठीकडे झुकलेले होते, त्या हवेत त्यांनी काढलेले दिवसही थोडे नव्हेत. पुढे अटलांची प्रकृतीही ढासळली आणि १९४०च्या प्रारंभी त्यांनाही निघावे लागले. उरले कोटणीस आणि बसू. मुदत पूर्ण करून, शब्द पाळून, सन्मानाने परत जाण्याची वाट दोघांनाही मोकळी होती. मुंबईतील अभ्यास खंडित झाला होता तो पुन्हा जोडता आला असता. युद्धातील अनुभव पदरी असलेल्या शल्यचिकित्सकाला मुंबईत काम कमी पडले नसते. दोघांनीही आघाडीकडे तोंड केले.

तेथे जाण्यापूर्वीच एक जागा रिकामी झालेली होती. कॅनडाचे विख्यात शल्यचिकित्सक नॉर्मन बेथून हे जपानी फळीच्या मागे, वू-थाई डोंगराच्या परिसरात फिरते शस्त्रक्रियापथक चालवीत असत. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, जखम चिघळली आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी रक्तदोषाने त्यांचा अंत झाला. कोटणीस १९४० मध्ये याच भागात पोहोचले. शान्सी, चाहार आणि हपेई या तीन प्रांतांच्या सीमेवरचा हा मुलूख. शहरे आणि रेल्वेमार्ग जपान्यांच्या ताब्यात, खेडी आणि डोंगर गनिमी सैन्याच्या. मराठी वाचकाला असा मुलूख निराळा समजावून सांगावा लागत नाही.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये आठव्या मार्ग सेनेने रेल्वेमार्गांवर एकाच वेळी हल्ले सुरू केले. शंभर पलटणींची मोहीम म्हणून ती इतिहासात नोंदली आहे. जखमींची रीघ लागली. एका प्रदीर्घ लढाईत कोटणीसांनी सलग ७२ तास, डोळ्याला डोळा न लावता शस्त्रक्रिया केल्या. त्या लढाईत त्यांनी उपचार केलेल्या सैनिकांची संख्या ८००च्या वर होती. शस्त्रक्रियेची जागा गोळीबाराच्या टप्प्यापासून दूर नसे, कारण जखमीला लांब नेईपर्यंत तो दगावत असे. हा बेथून यांचा धडा होता आणि कोटणीसांनी तो तंतोतंत पाळला.

१९४१च्या प्रारंभी बेथून यांच्या नावे उभारलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली. रुग्णालय म्हटले की डोळ्यांपुढे इमारत येते. येथे तसे काही नव्हते. शेतकऱ्यांच्या घरांतून खाटा मांडलेल्या. शत्रूची चाल कळली की रुग्ण, औषधे आणि हत्यारे उचलून डोंगरात जायचे. जपान्यांनी १९४१ आणि ४२ मध्ये या मुलखावर खेडीच्या खेडी जाळीत जाणाऱ्या मोहिमा काढल्या. त्या धामधुमीतही रुग्णालय चालले आणि त्याला जोडलेली वैद्यकीय शाळाही चालली.

या शाळेची गोष्ट लढाईच्या गोष्टींइतकी सांगितली जात नाही. वास्तविक तीच अधिक मोलाची आहे. एका डॉक्टरने किती जखमी वाचवावेत याला मर्यादा आहे. त्या मुलखाला डॉक्टर घडवणारा माणूस हवा होता. शेतावरून, पलटणीतून आलेली मुले. कित्येकांचे शालेय शिक्षणही अपुरे. त्यांना शरीररचना आणि शल्यतंत्र शिकवायचे, तेही परक्या भाषेत. कोटणीस चिनी भाषेत शिकवत. पाठ्यपुस्तके नव्हती, म्हणून शल्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक स्वतः लिहिण्यास घेतले. मुंबईत जो अभ्यास अर्ध्यावर सोडला, त्याच अभ्यासाचे पुस्तक हपेईच्या एका खेड्यात, दिव्याच्या उजेडात, चिनी विद्यार्थ्यांसाठी लिहिले जात होते. त्यांनी शिक्षण सोडले, असे म्हणणे म्हणूनच पुरेसे बरोबर नाही. त्या शिक्षणाने मिळणारे स्थान मात्र त्यांनी नक्कीच सोडले. सैनिक आणि गावकरी त्यांना के दाइफू म्हणत. दाइफू म्हणजे वैद्य.

तेथेच त्यांचा संसार उभा राहिला. बेथून यांच्या समाधीच्या उद्घाटन समारंभात १९४० मध्ये ग्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांची ओळख झाली. ती त्याच संस्थेत काम करत असे. परदेशी डॉक्टर इतके अस्खलित चिनी बोलतो आणि लिहितोही, याचे तिला नवल वाटले. १९४१च्या नोव्हेंबरात दोघांचा विवाह झाला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्या भागाचे सेनाप्रमुख न्ये रोंगझेन यांनी बाळाचे नाव सुचवले, यिनहुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. १९४२ मध्येच कोटणीसांनी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व घेतले. काँग्रेसच्या छत्राखाली गेलेला तरुण आता त्या देशाच्या राजकारणातही उतरला होता. ज्यांच्यासोबत दिवसरात्र काढली त्यांच्या विचारांशी त्याची नाळ जुळली, यात अनपेक्षित असे काही नाही.

शरीराने मात्र साथ सोडली होती. अतिश्रम, अपुरे अन्न, सततची पायपीट. त्यातच अपस्माराचे झटके येऊ लागले. उपचारासाठी सुरक्षित ठिकाणी जावे असे सहकाऱ्यांनी सुचवले, त्यांनी ते मानले नाही. डॉक्टर म्हणून आपल्या आजाराचे स्वरूप त्यांना कळत नव्हते असे कसे म्हणावे? या एका ठिकाणी त्यांच्या हट्टाविषयी मन साशंक होते. तीन महिन्यांचे मूल घरात होते, पत्नी होती, शाळेला त्यांची आणखी वीस वर्षे हवी होती. थोडे मागे जाऊन, बरे होऊन परतण्यात कमीपणा नव्हता. परंतु आजवर प्रत्येक वळणावर थांबण्याचाच निर्णय घेतलेल्या माणसाला परतीची वाट बहुधा दिसेनाशी होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, तांग जिल्ह्यातील गगोंग या गावी, झटक्यांमागून झटके येऊन त्यांचा मृत्यू झाला. वय ३२. नानछुआन गावात वीरांच्या आवारात त्यांना पुरण्यात आले. पाठ्यपुस्तकाच्या लेखनाचे काम अखेरपर्यंत चालूच होते.

त्या दिवसांत भारत स्वतःच पेटलेला होता. ज्या नेहरूंकडे झू दे यांचे पत्र आले होते ते अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान होते. ज्यांनी निधी उभा केला, पथकाला निरोप दिला, ते सुभाषबाबू जर्मनीत होते आणि पुढच्याच वर्षी जपानच्या मदतीने लढा उभारणार होते. चार वर्षांपूर्वी एकाच कामाभोवती जमलेली माणसे युद्धाने किती लांब फेकली, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. इतिहासाच्या या गुंत्यात कोणाला दोष द्यावा असे नाही. गगोंगच्या शाळेत तो गुंता पोहोचलाही नव्हता. बसू १९४३ मध्ये परतले. पाचांतील चौघे परत आले होते.

परत न आलेल्या एकाची कथा ख्वाजा अहमद अब्बास यांनी इंग्रजी पुस्तकात सांगितली आणि त्यावरून १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. नायकाची भूमिका शांतारामांनी स्वतः केली, छिंगलानची जयश्री यांनी. संगीत वसंत देसाई यांचे, म्हणजे गोव्याच्या शेजारच्या कुडाळ परिसरातील सोनवडे गावच्या सुपुत्राचे. कोटणीस हे नाव घराघरांत गेले ते या चित्रपटामुळे. चित्रपटाने आपल्या सोयीने कथेत रंग भरले, हेही खरेच. पडद्यावर शाळा आणि पाठ्यपुस्तक मागे पडते, प्रेमकथा आणि रणांगण पुढे येते.

१९६२च्या युद्धानंतर भारतात हे नाव उच्चारणे काही काळ अवघड होऊन बसले. चीनमध्ये तसे झाले नाही. त्यांचे अवशेष पुढे शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत, बेथून यांच्या समाधीच्या सान्निध्यात हलवण्यात आले होते. तेथे त्यांचा पुतळा आहे. त्या शहरात त्यांच्या नावाची वैद्यकीय शाळाही आहे. दोन्ही देशांनी त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे काढली. भारतभेटीवर येणारे चिनी नेते कोटणीसांच्या भावंडांना आवर्जून भेटत राहिले. सोलापुरात त्यांच्या जन्मघराचे स्मारक झाले.

यिनहुआने वडिलांचाच मार्ग धरला होता. तो वैद्यकीचे शिक्षण घेत होता. ते पूर्ण होण्याच्या सुमारास, १९६७ मध्ये, वयाच्या पंचविशीत त्याचे निधन झाले. ग्वो छिंगलान त्यानंतर पंचेचाळीस वर्षे जगल्या. भारतात त्या अनेकदा आल्या, कोटणीस कुटुंबीयांशी त्यांनी सासरचे नाते राखले. २०१२च्या जून महिन्यात दालियान येथे त्यांचे निधन झाले.